पाठीमागचं ऊन

संध्यानं स्टँडचा तिसरा पाय सिमेंटच्या उंबऱ्यावर दाबून बसवला, स्क्रू पिळला आणि कॅमेऱ्यातून एकदा आत बघितलं. ब्याण्णव फूट लांब गोदाम. दोन्ही अंगांना तुरीच्या पोत्यांच्या थप्प्या, मध्ये हातगाडी जाईल एवढी वाट, आणि वाटेच्या टोकाला मागचं दार, सताड उघडं. दार पश्चिमेचं. जानेवारीचं पावणेसहाचं ऊन त्यातून सरळ आत घुसत होतं. ह्या वेळेला त्या दारात कुणीही उभं राहिलं तरी काय दिसणार, हे कॅमेऱ्याला डोळा न लावताही तिला ठाऊक होतं.

"इथंच ना?" फौजदार लिंगराज साहेबांनी उंबऱ्यावरच्या खडूच्या खुणेवर बूट आपटला. "साक्षीदार इथं होता, तर कॅमेरा पण इथंच. एक फूट पुढं नको, मागं नको. तो वकील लई चाबरा आहे."

"इथंच लावलाय, साहेब."

"आयतु, झालं तर. मग आता मुख दिसलं पाहिजे बघा, अक्का. मुख दिसलं की काम संपलं."

संध्यानं मान हलवली. हलवायचीच होती.

एकोणीस दिवसांपूर्वी, ह्याच वेळेला, संतपूरच्या पुढच्या ह्या डाळ मिलमध्ये मुनीम हणमंतप्पाच्या डोक्यात कुणीतरी लोखंडी गज घातला. चौथ्या दिवशी बिदरच्या दवाखान्यात तो गेला. गज घालणाऱ्याला मागच्या दारातून जाताना एकाच माणसानं पाहिलं, आणि तो माणूस म्हणजे संध्याचे वडील बळीराम, तिचे अप्पा. हणमंतप्पाचे पासपोर्ट फोटो द्यायला ते आले होते. पुढच्या दारातून त्यांनी हाक मारली, पलीकडच्या दारात एक माणूस उभा दिसला, त्यानं वळून बघितलं आणि तो गेला. "बालाजीच व्हता," अप्पांनी त्याच रात्री ठाण्यावर सांगितलं. "त्येचं तोंड म्या सोताच्या डोळ्यानं बगितलंय."

बालाजी मिलमधला हमाल. आठ दिवस आधी हणमंतप्पानं त्याला आईवरून शिवी दिली होती आणि त्यानं भर बाजारात मुनिमाच्या गळपट्टीला हात घातला होता. सगळ्यांनी पाहिलं होतं. मग काय, आणखी काय पाहिजे? दुसऱ्या दिवशी सकाळी बालाजी आत.

पण कोर्टात बालाजीच्या वकिलानं खोडा घातला. पुढच्या दारातून मागच्या दारातलं तोंड दिसतं तरी का, म्हणाला, दाखवा. म्हणून आजचा हा व्हिडिओ. आता तालुक्यात दुसरा व्हिडिओवाला नव्हता असं मुळीच नाही. लग्नसराईत दगड उचलला तर खाली एखादा ड्रोनवाला सापडतो. साहेबांनी संध्यालाच बोलावलं, आणि कामून बोलावलं ते न कळायला ती काही दुधखुळी नव्हती. बापाचा शब्द पोरगी कशी पाडेल?

आणि शब्द तरी केवढा! चाळीस वर्षं अप्पांना लोकांनी "ए फोटू" म्हणून हाक मारली. लग्नात हार घालायची वेळ झाली की फोटू पुढं, जेवायची पंगत बसली की फोटू भिंतीकडं, वेगळा. साठी उलटली तरी "फोटू"च. बाबासाहेबांची जयंती सोडली तर त्यांचं पूर्ण नाव मोठ्यानं कुणी घेतल्याचं संध्याला आठवत नव्हतं. साक्ष दिली आणि एका रात्रीत ते बळीराम अण्णा झाले. मिलमालक उद्धवरावांनी स्वतः उठून त्यांना ओट्यावर खुर्ची दिली. कपबशीतला चहा दिला, सगळ्यांच्यातलीच कपबशी. त्या दिवशी घरी आल्यावर अप्पा बराच वेळ अंगणात नुसते उभे होते. मग आत येऊन संध्याच्या आईला, विमलबाईला म्हणाले, "खुर्ची दिली गं त्येनी." एवढंच म्हणाले आणि पाणी प्यायले.

हे सगळं आता ह्या ब्याण्णव फुटांवर येऊन थांबलं होतं. ह्या टोकाला बापाचा शब्द आणि त्या टोकाला बालाजीचा जन्म.

"साहेब, फोकस धरायला कुणीतरी दारात उभं करा आधी," संध्या म्हणाली. "माणूस नसला तर मला अंदाज येत नाही."

"आरोपीला आत्ताच नको. साक्षीदार आल्यावर आणू." साहेबांनी फोन लावला आणि कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं. गोदामाच्या मागच्या बाजूला जीपमध्ये बालाजी बसला होता, हाताला दोर, तोंडावर टॉवेल. त्याच्याजवळचा शिपाई माउली उतरला. बहिणीच्या साखरपुड्यातून त्याला तसाच उचलून आणला होता, त्यामुळे अंगावर वर्दी नव्हती, साधा शर्ट-पँट. चांगला धिप्पाड गडी, बालाजीपेक्षा चार बोटं उंच. तो येऊन मागच्या दारात उभा राहिला.

संध्यानं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. चाचणी घ्यायची तर चालू करूनच घ्यायची, ही तिची रीत. पडद्यावर बघितलं आणि व्हायचं तेच झालं होतं. दाराचा पांढराफेक चौकोन आणि मधोमध माउलीच्या आकाराचा काळा डाग. नाक नाही, डोळे नाहीत. ती पडद्यावरून डोळा काढून उघड्या डोळ्यानं बघू लागली. तेच. डोळे बारीक केले. तेच.

"काळं दिसतंय की हे," साहेब तिच्या खांद्यावरून वाकले. "असं कसं चालेल?"

"ऊन पाठीमागं आहे, साहेब."

"मग लाईट लावा. लग्नात लावता ना तुम्ही? आत थप्पीमागं एक ठेवा, कुणाला दिसतंय."

"त्या दिवशी इथं लाईट नव्हता."

साहेबांनी तिच्याकडं बघितलं. चिडले नाहीत, आवाज तेवढा खाली आणला. "अक्का, मी काय खोटं करा म्हणतोय का? माणसाच्या डोळ्याला दिसतं, मशीनला दिसत नाही. मशीनला थोडं दाखवायचं, एवढंच. तुमचे अप्पा खोटं बोलतात असं म्हणायचंय का तुम्हाला?"

साहेबांचा फोन वाजला आणि ते चार पावलं बाजूला गेले.

संध्यानं भिंगावरची कडी फिरवली. एक टक, दोन टक. पडद्यावर दार वितळायला लागलं, पांढरं सगळीकडं पसरलं, आणि काळ्या डागातून राखेसारखं एक तोंड वर आलं. माउलीचं नाक. मिशी. तिसरा टक दिला तेव्हा त्याच्या कपाळावरचं साखरपुड्याचं कुंकूसुद्धा दिसलं. बापरे, एवढं सोपं! लाईटची गरजसुद्धा नव्हती. तीन टक आणि अप्पांची खुर्ची जागच्या जागी. कोर्टात कोण विचारणार होतं कडी कुठं होती म्हणून?

हात कडीवरच राहिला.

कारण उजेडाचं सगळं शिक्षण तिला अप्पांनीच दिलेलं, आणि अप्पांना ते एका चित्रपटानं दिलेलं. तरुणपणी अप्पा टुरिंग टॉकीजवर मशीन चालवायचे. औरादची यात्रा, मग भालकी, मग उदगीर. तंबू हलला की अप्पा हलायचे. त्या तंबूवाल्याकडं एक जुना काळापांढरा खुनाचा चित्रपट होता. दुसरं काही चालेनासं झालं की तोच लावायचे आणि हमखास तंबू भरायचा. इतक्या वेळा चालवल्यावर अप्पांना गोष्टीत काही रस उरला नव्हता, ते नुसता उजेड बघायचे. भिजलेल्या रस्त्यावर पडलेला खांबावरचा दिवा. खिडकीच्या गजांच्या सावल्या नायिकेच्या तोंडावर अशा आडव्या पडलेल्या, की बाई घरात बसून तुरुंगात. कॅमेरा पार जमिनीला टेकवलेला, त्यामुळे सात पायऱ्यांचा जिना अंगावर येणारा. संध्या आठवीत असताना अप्पांनी तिला हे सगळं पाटीवर खडूनं काढून शिकवलं होतं. पुढं त्याच नादात अप्पांनी लग्नांतल्या नवरा-नवरींचे फोटो अर्ध्या तोंडावर सावली टाकून काढले आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या. "फोटू, आमच्या पोरीला एकच डोळा हाय का रे?" असं एका नवरीच्या बापानं मांडवात ओरडून विचारलं होतं. अप्पा हसले होते. पण सावली काढली नव्हती.

त्या चित्रपटातला खुनी एकदाच दिसतो. दारात. त्याच्या पाठीमागं दिवा, तोंडावर उजेडाचा टिपूस नाही, नुसती काळी आकृती. अप्पा दर वेळेला तिथं थांबायचे.

"लोकं तंबूतून भाईर पडायची, संध्ये, आन् एकमेकाला सांगायची, काय डोळे व्हते गा त्येचे! आरं, डोळे दावलेच कुठं? कॅमेरावाल्यानं दावलेच न्हाईत. लोकांनी आपापल्या घरचे डोळे नेऊन बसवले थितं."

किती वेळा ऐकलं होतं तिनं हे! आणि एकोणीस दिवस घरात गिळून बसली होती. विचारायचं कसं? अप्पा, त्या दिवशी ऊन कुठं होतं? एवढाच प्रश्न. रोज रात्री ताटावर बसल्यावर ओठांपर्यंत यायचा आणि घासाबरोबर खाली जायचा. अप्पांच्या डोळ्यांत काही दोष नव्हता, मोतीबिंदू काढून वर्ष झालं होतं, पेपर बिनचष्म्याचा वाचायचे. खोटं बोलणारा माणूस तर नव्हेच. मग?

"पोरी."

ती दचकली. राजूबाई, बालाजीची आई. फाटकाजवळ बाभळीखाली बसवून ठेवलं होतं तिला, शिपायानं दोनदा हाकललंही होतं. कधी उठून इतक्या जवळ आली कुणास ठाऊक.

"मला तुज्या मशिनीतलं काय कळत न्हाई," राजूबाई म्हणाली. "आईची साक्ष कुणी धरत न्हाई, ते बी म्हाईत हाय. लेक त्या येळंला घरी व्हता म्हणून सांगून सांगून माजं तोंड दुखलं. तू फकस्त हाय ते काढ. नसंल दिसत तर नसंल म्हण, दिसत आसंल तर दिसतंय म्हण. मी काय बोलायची न्हाई."

"मावशी, लांब बसा. साहेब रागावतील."

"बसते की." ती दोन पावलं मागं सरकली आणि तिथंच मातीत बसली.

संध्यानं पडद्याकडं बघितलं. राखेतलं तोंड तसंच होतं. मागून चपलांचा आवाज आला आणि ती वळली. अप्पा. फाटकापाशी थांबायला सांगितलं होतं, पण बोलवायची वाट बघत बसणं त्यांच्यानं कधी झालं नव्हतं. पांढरा सदरा, इस्त्रीचा. आज साक्ष म्हणून आईनं खास काढून दिलेला.

तिचा हात आपोआप फिरला. तीन टक उलटे. दार पुन्हा दार झालं, माउली पुन्हा काळा झाला. उजेड असा उतू गेलेला अप्पांना दिसला असता तर ते ओरडले असते, आणि तेवढ्याच धाकानं तिनं तो आवरला. त्यामागं दुसरं काही नव्हतं.

"झालं का न्हाई अजून? ऊन बुडायलंय," अप्पा म्हणाले आणि खडूच्या खुणेवर येऊन उभे राहिले. तिच्या खांद्याला खांदा लावून. गोदामातून आरपार बघितलं. त्यांची मान किंचित पुढं आली.

"आणलाय व्हय त्याला," ते हळू आवाजात म्हणाले. "हाच. आस्साच हुबा व्हता, बग."

संध्यानं पडद्यावरून डोळा काढून त्यांच्याकडं बघितलं.

साहेब फोन कानापासून काढून वळले होते. "अण्णा, थांबा थांबा, अजून..."

"थांबायचं कामून, सायेब? दिसायलाय की." अप्पांचा आवाज चढला. ओट्यावर खुर्ची मिळालेल्या माणसाचा आवाज. "वकिलाला म्हणावं, ये हितं. सगळं तोंड दिसायलंय. डाव्या भुवईवरला वण सुदिक दिसायलाय. बालाजी, आता बी माज्याकडं तसाच बगायलास व्हय रे?"

मागच्या दारातली आकृती हलली, तिनं हात तोंडापाशी नेला आणि जोरात हाक दिली.

"साहेब, झालं का? सरू का बाजूला? पाय आखडले माझे!"

भालकीकडचा आवाज. माउलीचा.

अप्पा तसेच उभे राहिले. मान तशीच पुढं. हाताची बोटं तेवढी सदऱ्याच्या कडेला गेली आणि ती कड चुरगाळायला लागली, इस्त्रीची घडी मोडली तरी थांबेनात. संध्याला त्यांच्याकडं बघवेना. धरणीनं पोटात घ्यावं असं तिला वाटलं, स्वतःसाठी नाही, त्यांच्यासाठी.

"कोण हाय त्यो?" अप्पांनी विचारलं.

"आमचा शिपाई आहे, माउली," साहेब म्हणाले. मग चटकन संध्याकडं वळले. "चालू होता का कॅमेरा?"

कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका होता, तो साहेबांना दिसत होताच.

"टेस्टच ना ती? टेस्ट कोण ठेवतं, अक्का? पुसून टाका." साहेबांनी घसा साफ केला. "वय झालंय अण्णांचं. उन्हामुळं होतं असं. आपण लाईट लावून बरोबर घेऊ. अण्णा, तुम्ही बाहेर बसा सुम्मने, निवांत. काही झालं नाही."

काही झालं नाही! साहेब काही वाईट माणूस नव्हते, हीच पंचाईत होती. ते अप्पांना वाचवतच होते. संध्याचा अंगठा बटणापाशी गेला. थांबवायचं आणि पुसायचं, दोन वेळा दाबायचं काम. उद्या अप्पा ओट्यावर, खुर्चीत. बालाजी कुठं, ते कुणी विचारणार नाही. आणि तिनं नाही पुसलं तर सगळं गाव वर्षानुवर्षं हसेल, की फोटूला शिपाई आणि हमाल कळला नाही. फोटू. पुन्हा फोटू.

"संध्ये."

अप्पा तिच्याकडं बघत नव्हते. दाराकडंच बघत होते.

"तुला काय दिसायलंय?"

उभ्या जन्मात त्यांनी तिला असं विचारलं नव्हतं. काय बघायचं ते तेच सांगायचे.

"काळा माणूस दिसायलाय, अप्पा."

"तोंड?"

तिला रडू फुटलं. ते आवरायला तिनं स्टँडची दांडी घट्ट धरली. "न्हाई, अप्पा. तोंड न्हाई दिसत."

"भुवई?"

"काईच न्हाई."

अप्पांनी मान हलवली, हळूहळू, हिशेब लागल्यासारखी. मग चपला काढून खडूच्या खुणेपाशी ठेवल्या.

"चालू ठिव," ते म्हणाले.

"अण्णा, कुठं निघालात?" साहेब पुढं झाले. "असं चालत नाही हे. पंचनाम्याची पद्धत असते..."

"माउलीसायेब!" अप्पांनी आतल्या दिशेला हाक दिली. आवाज फाटला, पण पोचला. "जागचं हलू नगा!"

आणि ते थप्प्यांच्या मधल्या वाटेनं चालायला लागले. सावकाश. दर थोड्या पावलांवर थांबायचे, मान पुढं काढायचे, बघायचे. मग मान नकारार्थी हलायची आणि पुन्हा पाऊल. संध्या पडद्यावर बघत होती. पांढरा सदरा दहा-बारा पावलांत करडा झाला. मग करड्याचा काळा. अर्ध्या वाटेवर ते थांबले, डोळ्यांवर हात धरला, बराच वेळ उभे राहिले. नाही. पुढं. साहेबांनी टोपी काढली होती. पडद्यावर आता दोन काळी माणसं होती, एक चालणारं आणि एक थांबलेलं.

चालणारं थांबलं.

"हितून!" गोदामातून अप्पांचा आवाज आला. "हितून दिसायलंय, सायेब. टिळा दिसायलाय, मिशी दिसायली. त्येच्या अलीकडून न्हाई. त्या दिशी म्या हितपत्तूर आलोच नव्हतो."

दोघंही आता उभे होते, दाराच्या उजेडात, एकाच मापाचे. त्यांतले अप्पा कोणते हे संध्याला सांगता आलं नसतं.

"कुणी मोजली का पावलं?" त्यांनी आतून विचारलं.

साहेबांनी जमिनीकडं बघितलं. संध्यानं मोजली नव्हती.

"एकतीस," मागं मातीत बसलेली राजूबाई म्हणाली. "म्या मोजली."